टायगर हिल आणि रांगोळीची रेघ





दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या शाळेच्या मागच्या अंगणात मातीचे ढीग दिसू लागतात. दर्पण कॉलनीतल्या बऱ्याच घरांपुढे आता अंगण उरलेले नाही, म्हणून मुले किल्ला करायला शाळेतच येतात. यंदा सातवीची चार-पाच मुले आमच्या खोलीत आली आणि म्हणाली, "बाई, या वेळी किल्ल्याऐवजी टायगर हिल केले तर चालेल का?"

आम्ही लगेच हो म्हटले नाही. किल्ल्याची परंपरा मोडते म्हणून बाई नाराज आहेत, असे मुलांना वाटले असेल. तसे काही नव्हते. आपल्या याच अंगणात पूर्वी एकदा टायगर हिल झालेले आहे आणि त्या वेळी आमच्या हातून एक चूक झाली आहे. ती चूक आजवर आम्ही कुणाला सांगितली नाही. यंदाच्या अंकासाठी काही लिहून द्या असा आग्रह झाला, तेव्हा वाटले की आता हेच लिहावे. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी घरात बोलत शिकलो. लिखाणात काही उणे राहिल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

गोष्ट १९९९ सालची आहे. तेव्हा आम्ही तिशीच्या आतले होतो, नोकरी नवीन होती आणि सहावीला भूगोल शिकवत होतो. त्या वर्षीचा उन्हाळा ग्वाल्हेरकरांना विसरता येणार नाही. महाराजपुऱ्याच्या तळावरची मिराज विमाने आपल्याला १९८५ पासून ओळखीची आहेत. डोक्यावरून विमान गेले की आपण फळ्यावर लिहिता लिहिता थांबतो, आवाज ओसरला की पुन्हा सुरू करतो. पाहुणे दचकतात, आपण दचकत नाही. पण त्या मे-जून महिन्यांत हीच विमाने कारगिलच्या लढाईत उतरली. पंजाबातल्या आदमपूरच्या तळावरून ती उडत होती. २४ जूनला त्यांनी लेझरच्या साहाय्याने नेम धरणारे बॉम्ब टायगर हिलवर टाकले. ते चित्रण टीव्हीवर दाखवले गेले तेव्हा कॉलनीतल्या घराघरांत "ही आपली विमाने" असे लोक म्हणत होते. ४ जुलैला टायगर हिल जिंकल्याची बातमी आली आणि थाटीपूरच्या चौराह्यावर पेढे वाटले गेले.

तेव्हा दिवाळीला मुलांनी तेच शिखर करायला घेतले यात नवल नव्हते. दिवाळी ७ नोव्हेंबरला होती. सुट्टीआधीचा आठवडा मुलांनी अंगणातच काढला. एका बांधकामावरून फर्शीचे तुकडे आणले, माती कालवली, पोती टाकली. छातीइतका उंच, वर निमुळता होत गेलेला डोंगर उभा राहिला. पायथ्याशी काळ्या रंगाचा रस्ता आणि त्यावर खेळण्यातले ट्रक ठेवले.

मग प्रश्न आला, अळीव कुठे पेरायचे? किल्ल्यावर आपण अळीव नाहीतर मोहरी पेरतो, चार दिवसांत हिरवेगार होते. एक मुलगा म्हणाला, "कुठेच पेरायचे नाहीत. तिथे नुसता खडक आहे. गवतसुद्धा नाही." या मुलाचे वडील साताऱ्याकडचे, तोफखान्यात हवालदार होते. तो उन्हाळा त्यांनी द्रासला काढला होता. बायको-मुलगा कॉलनीत भाड्याच्या खोलीत राहत. वडिलांच्या पत्रांतून मुलाला पुष्कळ गोष्टी ठाऊक होत्या. मुलांनी त्याचे ऐकले आणि अळिवाची पुडी बाजूला ठेवली.

दुसरा प्रश्न आमच्यापर्यंत आला. पांढऱ्या रांगोळीने सीमेची रेघ काढायची होती. ती कुठून काढायची? आम्ही म्हटले, "शिखरावरून." लहान मुलांना समजावे म्हणून कारणही सांगितले. डोंगराच्या कण्यावर पडलेले पाणी दोन बाजूंना वाहते, त्या कण्याला आम्ही हिंदीत जलविभाजक म्हणून शिकलो होतो, आणि पुष्कळ देशांच्या सीमा अशाच कण्यावरून जातात. वर्तमानपत्रांतही "सीमेवरचे शिखर" असेच वाचले होते. दोन्ही गोष्टी आमच्या मनात एकमेकींना चिकटल्या. मुलांनी माथ्यावरून झेंड्याच्या दोन्ही बाजूंना रेघ ओढली.

हवालदारांचा मुलगा म्हणाला, "बाई, रेघ मागे आहे. डोंगर सगळा आपल्याकडे आहे."

आम्ही पुन्हा पाणलोटाचे कारण सांगितले. तो पुन्हा म्हणाला, "बाई, पण रेघ मागे आहे." बाकीची मुले आमच्या तोंडाकडे पाहू लागली. आम्ही म्हटले, "भूगोल कोण शिकवते, तू की आम्ही?" सगळी मुले हसली. तो हसला नाही. तो हात धुऊन वर्गात निघून गेला.

त्याच संध्याकाळी आम्ही तिमाहीची प्रगतिपत्रके भरली. त्याला भूगोलात चांगले गुण होते. तरी शिक्षकांच्या अभिप्रायाच्या रकान्यात आम्ही दोन शब्द लिहिले, "वाद घालतो."

सुट्टी लागण्याच्या दिवशी हवालदार स्वतः शाळेत आले. रजेवर आलेले होते. चेहरा उन्हाने आणि थंडीने करपलेला, ओठ फुटलेले. त्यांनी सही केलेले प्रगतिपत्रक आमच्या हातात दिले. "वाद घालतो" या शब्दांच्या बरोबर खाली त्यांची सही होती. त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "बाई, पोरांनी डोंगर केलाय म्हनं. बघू का?"

आम्ही त्यांना मागे नेले. मुलेही जमली. त्यांनी डोंगराला एक फेरी घातली आणि एकदम रेघेबद्दल न बोलता एका मुलाला म्हणाले, "डोंगराच्या मागं जा. हनुवटी माथ्यावर टेक. समोर काय दिसतंय?"

मुलगा म्हणाला, "रस्ता दिसतो. सगळे ट्रक दिसतात."

"मोज किती ते."

त्याने मोजले, सात होते.

"आता तू खाली ट्रकाजवळ बस. वरचं काय दिसतंय?"

"काही नाही. नुसते दगड."

"एवढंच बघा," हवालदार म्हणाले. "वर बसल्याला आपला एक-एक ट्रक दिसायचा. तो मागच्या तोफांना सांगायचा, आन् गोळा रस्त्यावर यायचा. म्हणून ते वर येऊन बसले हुते. आता सांगा, रेघ माथ्यावर असती तर निम्मा डोंगर त्येंचाच झाला असता की. मग आपण त्यांना घुसलेले कसं म्हनलं असतं? ते रेघ ओलांडून आपल्या डोंगरावर आले हुते. म्हणून त्यांना उठवायचं हुतं."

मग त्यांनी आमच्याकडे पाहून विचारले, "बाई, पुसू का?" आम्ही मान हलवली. ते उकिडवे बसले, तळहाताने माथ्यावरची रांगोळी पुसली, डोंगराच्या मागे गेले आणि जमिनीवर नवी रेघ काढली. सरळ नव्हे, वाकडी-तिकडी. म्हणाले, "ही कुनालाच दिसत नाही बरं का. तिथं कुंपण नाही, खांब नाही. नकाशात असती आन् आपल्या ध्येनात असती."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा मुलगा जरा मागे उभा होता. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले. त्या क्षणी सर्वांसमोर एवढेच म्हणायचे होते, "तू बरोबर होतास." आम्ही म्हटले, "चला, घंटा झाली."

त्या रात्री आम्ही नकाशे काढून बसलो. जे तेव्हा शिकलो आणि पुढे दरवर्षी शिकवत आलो, ते थोडक्यात इथे देतो. मोठ्या माणसांचाही यात घोटाळा होताना पाहिला आहे.

काश्मीरमधली पहिली लढाई १ जानेवारी १९४९ ला थांबली. त्याच वर्षी जुलैमध्ये कराचीत दोन्ही सैन्यांच्या प्रतिनिधींनी युद्धविराम रेषा ठरवली. १९७१ च्या युद्धानंतर २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला आणि त्यानुसार दोन्ही बाजूंच्या सेनाधिकाऱ्यांनी बसून नवी रेषा नकाशांवर आखली. डिसेंबर १९७२ मध्ये त्या नकाशांवर सह्या झाल्या. हिलाच नियंत्रण रेषा म्हणतात. ती सुमारे ७४० किलोमीटर लांब आहे आणि एनजे ९८४२ या बिंदूपाशी संपते. ही आंतरराष्ट्रीय सीमा नाही. आपल्या देशाचा अधिकृत नकाशा या रेषेच्या पलीकडचा भागही आपलाच दाखवतो, म्हणून परीक्षेत भारताची बाह्यरेखा काढताना ती पूर्णच काढायची. पण सैनिक कुठपर्यंत उभा आहे हे विचारले, तर उत्तर नियंत्रण रेषेने द्यायचे. चीनच्या बाजूला आहे ती प्रत्यक्ष ताबारेषा, ती आणखी वेगळी. सीमा, नियंत्रण रेषा आणि ताबारेषा हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरू नयेत.

टायगर हिल या नियंत्रण रेषेच्या अलीकडे, आपल्या बाजूला आहे. नकाशात त्याला त्याच्या उंचीवरूनच नाव आहे, पॉइंट ५०६२. म्हणजे समुद्रसपाटीपासून ५०६२ मीटर. आपला ग्वाल्हेरचा किल्ला शहरापासून साधारण १०० मीटर उंच आहे आणि उरवाई दरवाज्याने चढताना आपल्याला धाप लागते. टायगर हिल द्रासच्या रस्त्यापासून दीड हजार मीटरहून अधिक उंच आहे. म्हणजे पंधराहून जास्त किल्ले एकावर एक ठेवा. वर हवा विरळ, पाणी नाही, झाड नाही. अशा खडकाची किंमत काय? त्याच्यावरून श्रीनगर ते लेह हा राष्ट्रीय महामार्ग दिसतो, हीच त्याची किंमत. लडाखचा दाणागोटा आणि दारूगोळा त्या रस्त्याने जातो.

थंडीत अशा उंच ठाण्यांवरचे सैनिक खाली येत. त्याचाच फायदा घेऊन घुसखोर वर येऊन बसले. १९९९ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला बटालिक भागात आपला हरवलेला याक शोधणाऱ्या ताशी नामग्याल या मेंढपाळाने परकी माणसे पाहिली आणि सैन्याला खबर दिली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १३ जूनला तोलोलिंग परत मिळाले. ३ जुलैच्या रात्री १८ ग्रेनेडियर्सचे जवान दोरांच्या आधाराने टायगर हिलचा उभा कडा चढले. कडा इतका अवघड होता की तिकडून कोणी येईल असे वरच्यांना वाटले नव्हते. त्या तुकडीतले योगेंद्र सिंह यादव तेव्हा १९ वर्षांचे होते. अंगात गोळ्या घुसलेल्या असताना ते लढत राहिले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. आपले बारावीचे विद्यार्थी त्यांच्यापेक्षा फार लहान नाहीत. पश्चिमेकडची धार ८ शीख पलटणीने धरून ठेवली आणि उलटा हल्ला अंगावर घेतला. २६ जुलैला युद्ध संपले. आपले ५२७ जवान परत आले नाहीत.

आता हवालदारांच्या त्या वाक्याकडे पुन्हा येतो. रेघ दिसत नाही, ती ध्यानात असते. या युद्धात आपल्या सरकारने सैन्याला आणि वायुसेनेला स्पष्ट हुकूम दिला होता की नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. जमिनीवर हे पाळणे अवघड, आकाशात त्याहून अवघड. मिराजसारखे विमान डोळ्याचे पाते लवते तोवर शेकडो मीटर पुढे जाते. खाली सगळे डोंगर सारखेच दिसतात. रेषा जवळ असल्याने हव्या त्या दिशेने येता येत नाही, सोयीचे वळण घेता येत नाही. इतक्या उंचीवर विरळ हवेत बॉम्बचा मार्गही बदलतो. तरी हुकूम पाळला गेला. युद्धाची सुरुवातच शत्रूने रेषा ओलांडून केली होती, तेव्हा "आम्हीही ओलांडू" म्हणणे सोपे होते. आपल्या कॉलनीवरून ज्यांचा आवाज जातो त्या विमानांचा आम्हाला सर्वांत जास्त अभिमान याच गोष्टीचा वाटतो.

दोन देशांच्या सीमेवर खरोखरच उभी असलेली शिखरेही आहेत. एव्हरेस्टच्या माथ्यावरून नेपाळ आणि चीन यांची सीमा जाते. दोन्ही देशांनी मिळून डिसेंबर २०२० मध्ये त्याची उंची ८८४८.८६ मीटर जाहीर केली. आपल्या सिक्कीम आणि नेपाळच्या सीमेवर ८५८६ मीटर उंचीचे कांचनजुंगा आहे. २०१९ च्या मे महिन्यात पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या दहा गिर्यारोहकांनी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत ते सर केले. या शिखराची एक रीत मुलांना आम्ही नेहमी सांगतो. सिक्कीमचे लोक ते पवित्र मानतात. १९५५ साली पहिल्यांदा तिथे पोहोचलेले दोघे जण दिलेला शब्द पाळून अगदी माथ्याच्या काही पावले अलीकडे थांबले. तेव्हापासून बहुतेक गिर्यारोहक तसेच थांबतात. तिथे पाहायला कोणी नसते आणि अडवायलाही कोणी नसते. तरी थांबतात.

पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही घरच्या मंडळींबरोबर द्रासला जाऊन आलो. तोलोलिंगच्या पायथ्याशी स्मारक आहे, तिथल्या भिंतीवर हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. जूनमध्येही हातमोजे काढवत नव्हते. एका जवानाने बोट दाखवून टायगर हिल दाखवले. मुलांनी अंगणात केले होते तसेच, वर निमुळते, राखाडी. आम्ही बराच वेळ पाहिले. रेषा कुठे आहे हे विचारले, तर तो म्हणाला, "उसके पीछे, मैडम." आम्हाला आमचे अंगण आठवले.

आता आमची चूक. तो डोंगर दिवाळीनंतर मोडला गेला. हवालदारांची बदली झाली आणि एप्रिलमध्ये मुलाचे नाव शाळेतून काढले. दाखला आम्हीच भरून दिला. 'वर्तणूक' या रकान्यात सर्वांच्या दाखल्यावर लिहितो तसे 'चांगली' लिहिले. प्रगतिपत्रक तेव्हा समोर होते, पेनही हातात होते. त्यातला जुना शेरा खोडायला अर्धे मिनिट लागले नसते. शिक्षकाने लिहिलेले खोडू नये, मुलांपुढे कमीपणा येतो, असे काहीसे तेव्हा मनात होते. त्या मुलाने वाद घातला नव्हता. त्याला जे ठाऊक होते ते त्याने दोनदा सांगितले होते, तेही हळू आवाजात. आम्ही त्याला जे ठाऊक नव्हते ते मोठ्या आवाजात सांगितले होते.

आज तो पस्तिशी उलटलेला गृहस्थ असेल. कुठे असतो ते आम्हाला माहीत नाही. ग्वाल्हेरची मराठी मंडळी पुणे, मुंबई, इंदूर अशी सगळीकडे पसरलेली आहेत आणि आपला अंक पुष्कळ माजी विद्यार्थ्यांच्या घरी जातो. कोणाच्या हातून तो त्याच्यापर्यंत पोहोचला तर बरे होईल. १९९९ च्या तिमाही प्रगतिपत्रकावरचा आमचा शेरा आम्ही मागे घेत आहोत. त्या जागी असे वाचावे, "भूगोल उत्तम जाणतो. बाईंची चूक दाखवली." खाली वडिलांची सही आहेच.

आमच्या शिक्षक सहकाऱ्यांना या निमित्ताने एक विनंती आहे. मुलगा वर्गात आपल्याविरुद्ध काही बोलला, तर आधी त्याला ते कुठून कळले एवढे विचारावे. पुष्कळदा त्याच्या घरी एखादे पत्र आलेले असते. पालकांनाही विनंती की प्रगतिपत्रकावर सही करण्यापूर्वी शेरा वाचावा आणि पटला नाही तर येऊन सांगावे. त्या हवालदारांइतके सोसून घेण्याची गरज नाही.

सातवीच्या मुलांनी विचारले होते, त्याचे उत्तर हे. टायगर हिल जरूर करा. विश्वस्त मंडळींनी मागच्या भिंतीजवळची जागा मोकळी करून द्यायचे कबूल केले आहे, फर्शीचे तुकडे आम्ही मागवले आहेत. अळीव पेरायचे नाहीत. रस्ता दक्षिणेला, रेघ डोंगराच्या मागे उत्तरेला. ती कुठे आणि का काढली हे एका मुलाने येणाऱ्या पाहुण्यांना सांगायचे. आणि आमच्यासकट कोणीही मोठे माणूस येऊन "इथे नको, तिथे काढा" म्हणाले, तर नकाशा आणून त्यांच्यासमोर उघडायचा.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.

आपली,
प्राचार्या